कंट्रोल कोणाच्या हातात?

फेब्रुवारीतली गोष्ट. इंटर-हॉस्टेल व्हॉलीबॉलची सेमी फायनल. एक उंच बॉल घ्यायला मागे धावलो आणि उजव्या मनगटावर सगळा भार टाकून कोर्टवर आडवा झालो. मॅच आम्ही हरलो, ते सोडा. मनगट फ्रॅक्चर! डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि शांतपणे सांगितलं, "सहा आठवडे." प्रोजेक्ट रिपोर्टच्या सबमिशनला राहिले होते पाच!

ग्रुपमधल्या बाकी तिघांनी डिझाइन, मशिनिंग, टेस्टिंग वाटून घेतलं होतं. रिपोर्ट टाइप करणं माझ्याकडे होतं. डाव्या हाताने टाइप करता येतं हो, हळूहळू का होईना. पण खरी पंचाईत कुठे झाली माहीत आहे? डाव्या हातात माउस धरला की कंट्रोल+सी दाबायला हातच उरत नाही. कीबोर्डवर हात ठेवला तर एंटर आणि बॅकस्पेस पार उजव्या टोकाला. एका परिच्छेदात वीस वेळा हात इकडून तिकडे. पहिल्या रात्री दीड पान झालं आणि डावा हातही दुखायला लागला.

तेव्हा नाइलाजाने एक गोष्ट शिकलो. कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं हे आपल्याला ठरवता येतं. चार वर्षं कॉम्प्युटर वापरूनही हे कधी करून पाहिलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनीही पाहिलं नसेल. म्हणून हा लेख. हात मोडायची वाट पाहू नका!

बटण दाबल्यावर नेमकं होतं काय?

आधी थोडी थिअरी. (पळू नका, परीक्षेला नाही येणार.) कीबोर्डच्या आत तारांची आडवी-उभी जाळी असते. एक छोटा मायक्रोकंट्रोलर ती जाळी सतत तपासत असतो. तुम्ही बटण दाबलं की कोणती आडवी ओळ कोणत्या उभ्या ओळीला टेकली हे त्याला कळतं, आणि तो त्या बटणाचा नंबर कॉम्प्युटरला पाठवतो. फक्त नंबर! बटणावर 'के' छापलंय की 'क' याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. नंबरचं अक्षर करण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. म्हणूनच इनस्क्रिप्ट लेआउट निवडला की तेच 'के'चं बटण 'क' उमटवतं आणि शेजारचं 'जे' चक्क 'र' देतं. कीबोर्ड तोच, तारा त्याच, बदललं फक्त कोष्टक. शॉर्टकट बदलणं म्हणजे हेच कोष्टक आपल्या सोयीने लिहिणं.

आता हा नंबर आत गेल्यावर कुठे कुठे थांबतो ते बघा. हॉस्टेलवर कुरिअर येतं तसं समजा. आधी गेटवर वॉचमन, मग ऑफिस, आणि शेवटी आपली रूम. वॉचमनने पार्सल ठेवून घेतलं तर रूमपर्यंत काही येत नाही. तसंच इथे. पहिला मान सिस्टिमच्या पातळीवर बटणं पकडणाऱ्या प्रोग्रॅम्सचा. मग ऑल्ट+टॅबसारखे सगळीकडे चालणारे शॉर्टकट. त्यातून जे उरेल ते समोर उघडलेल्या सॉफ्टवेअरला मिळतं. एखादा शॉर्टकट सेट करूनही चालत नसेल, तर बहुतेक वेळा तो वाटेत कोणीतरी आधीच उचललेला असतो.

एक पार्सल मात्र थेट रेक्टरांकडेच जातं, ते म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+डिलीट. विंडोजमध्ये ते कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला अडवता येत नाही. कारणही पक्कं आहे. उद्या कोणी लॉगिनसारखा दिसणारा खोटा स्क्रीन बनवून पासवर्ड चोरायचं ठरवलं, तर हे तीन बटणांचं कॉम्बिनेशन तो पकडू शकत नाही. ते थेट सिस्टिमकडे जातं आणि खरा स्क्रीन येतो.

हे शॉर्टकट ठरवले कोणी?

कंट्रोल+ऑल्ट+डिलीटचा जनक डेव्हिड ब्रॅडली. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या टीममधला इंजिनिअर. टेस्टिंग करताना मशीन सारखं बंद-चालू करावं लागू नये म्हणून त्याने हा शॉर्टकट टाकला. आधी त्यात डिलीटऐवजी एस्केप होतं. पण ती तिन्ही बटणं डावीकडे, एका हाताने चुकून दाबली जायची आणि काम उडायचं. म्हणून मुद्दाम उजवीकडचं डिलीट घेतलं, दोन्ही हात लागावेत म्हणून. म्हणजे प्लॅस्टरवाल्याला ते जमू नये हीच मूळ योजना!

कट-कॉपी-पेस्टचं श्रेय लॅरी टेस्लर याला देतात. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात त्याने आणि टिम मॉटने १९७० च्या दशकाच्या मध्याला जिप्सी नावाचा एडिटर तयार केला, त्यात ही कल्पना आकाराला आली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेला. १९८३ च्या ॲपल लिसावर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली चार शेजारी बटणं अनडू, कट, कॉपी, पेस्टसाठी आली. आयबीएमचं मत वेगळं होतं. १९८७ मध्ये त्यांनी जे नियम काढले त्यात कॉपीला कंट्रोल+इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट+इन्सर्ट होतं. आजही विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी ते चालतं, करून बघा. टेस्लर २०२० साली वारला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याच्या जिवावर पास होतो तो हाच माणूस!

सांगायचा मुद्दा असा, की हे शॉर्टकट म्हणजे काही आकाशवाणी नाही. कोणीतरी इंजिनिअरने, त्या वेळच्या गरजेप्रमाणे ठरवलेले आहेत. आपली गरज वेगळी असेल तर आपण बदलू शकतो.

विंडोजमध्ये काय करता येतं?

सगळ्यात आधी मला वाचवलं ते स्टिकी कीजने. गेम खेळताना शिफ्ट पटापट दाबलं की ऐन वेळी एक पाटी मध्ये येते आणि आपण शिव्या देत ती बंद करतो, तीच ही! शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती येते. चालू केली की कंट्रोल आणि सी एकाच वेळी दाबावं लागत नाही. आधी कंट्रोल दाबून सोडा, मग सी दाबा, झालं. ब्रॅडलीचं ते तीन बटणांचं कॉम्बिनेशनही एकेक करून एका हाताने दाबता येतं. ज्या पाटीची आपण चेष्टा करतो ती कोणाच्या तरी रोजच्या कामाची आहे, हे मला त्या रात्री कळलं.

दुसरी मदत पॉवरटॉइजची. मायक्रोसॉफ्टचंच फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्यात कीबोर्ड मॅनेजर नावाचा भाग २०२० साली आला. त्यात दोन कामं होतात. एक, एका बटणाला दुसऱ्या बटणाचं काम देणं. दोन, एका शॉर्टकटला दुसरा शॉर्टकट देणं, आणि तेही हवं तर एकाच ठराविक सॉफ्टवेअरपुरतं. मी कॅप्स लॉकला बॅकस्पेस केलं. बघा ना, कॅप्स लॉक करंगळीच्या शेजारी केवढी मोक्याची जागा अडवून बसलंय आणि दिवसातून एकदाही लागत नाही! एवढ्या एका बदलाने माझा अर्धा त्रास गेला.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॉवरटॉइज मागे चालू असेल तरच हे बदल लागू होतात. त्यामुळे लॉगिनच्या स्क्रीनवर कॅप्स लॉक हे कॅप्स लॉकच असतं. पासवर्ड चुकला म्हणून मी पुसायला गेलो आणि पुढचा अख्खा पासवर्ड कॅपिटलमध्ये टाकला. तीनदा! दुसरी गोष्ट, कंट्रोल+ऑल्ट+डिलीट आणि विंडोज+एल ही दोन कॉम्बिनेशन्स बदलता येत नाहीत.

काही इन्स्टॉल न करता करण्यासारखं एक काम आहे. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही शॉर्टकट आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. शॉर्टकट टॅबमध्ये 'शॉर्टकट की' असा चौकोन दिसेल. त्यात क्लिक करून नुसतं एक अक्षर दाबा. विंडोज स्वतःच त्याच्या आधी कंट्रोल+ऑल्ट लावतं. अट एवढीच, की तो आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असला पाहिजे. कुठल्या तरी फोल्डरच्या आत पुरून ठेवलात तर चालणार नाही.

आणि हो, सिव्हिलवाल्यांनो, एस्टिमेट लिहिताना रुपयाचं चिन्ह लागतं ना? २०१० साली स्वीकारलेलं हे चिन्ह विंडोजच्या इंग्लिश इंडिया लेआउटमध्ये कंट्रोल+ऑल्ट+४ ला येतं. तेव्हा ४ हा आकडा दुसऱ्या कशाला देऊन बसू नका.

वर्ड, आणि एका रात्रीची कहाणी

रिपोर्टवाल्यांसाठी खरा खजिना वर्डमध्येच आहे. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइज रिबन असं गेलं की खाली कीबोर्ड शॉर्टकट्सच्या समोर 'कस्टमाइज' बटण दिसतं. उघडलेल्या खिडकीत डावीकडे कमांडचे गट, उजवीकडे कमांड. हवी ती निवडायची, नव्या शॉर्टकटच्या चौकोनात बटणं दाबायची आणि 'असाइन' म्हणायचं. मी हेडिंगच्या स्टाइल, फिगरखालची कॅप्शन आणि इक्वेशन या तिन्हींना डाव्या हाताला जवळची बटणं दिली. त्याच खिडकीत बदल कुठे साठवायचे तेही विचारतात. नॉर्मल टेम्प्लेट निवडलं तर प्रत्येक डॉक्युमेंटला लागू, आणि चालू फाइलचं नाव निवडलं तर फक्त त्या फाइलपुरतं. शक्यतो दुसरा पर्याय घ्या.

माझं बघून माझ्या रूम पार्टनरलाही चेव आला. तो केमिकलचा. त्याच्या रिपोर्टमध्ये पानोपानी खाली लिहायचे छोटे आकडे, म्हणजे सबस्क्रिप्ट. त्याने विचार केला, सबस्क्रिप्टचं पहिलं अक्षर एस, मग कंट्रोल+एस! केलं असाइन. आकडे झकास खाली बसायला लागले. पठ्ठ्या खुश!

आता तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं ते. दर पाच मिनिटांनी सवयीने कंट्रोल+एस दाबून तो निश्चिंत होत होता. कर्सर रिकाम्या जागी असला की स्क्रीनवर काही दिसायचंही नाही, आणि पुढचं अक्षर बारीक आलं की तो पुन्हा तेच दाबून सरळ करायचा. ऑटोरिकव्हर त्याने आधीच बंद करून ठेवलं होतं, मशीन अडकतंय म्हणून. रात्री पावणेदोनला लाइट गेली. डेस्कटॉप पीसी, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाइट आल्यावर फाइल उघडली तर ती रात्री साडेनऊला जशी होती तशीच. सव्वाचार तासांचं काम, अकरा पानं, दोन ग्राफ, सगळं गेलं.

तो काही बोलला नाही. नुसता कॉटवर बसून राहिला. मी एका हाताने चहा केला. मग आम्ही दोघं पहाटेपर्यंत बसलो. त्याने आठवून सांगायचं आणि मी डाव्या हाताने टाइप करायचं, मग तो थोडं टाइप करणार आणि मी रीडिंग वाचणार. सातपर्यंत नऊ पानं परत उभी राहिली. पण पहिल्यांदा लिहिलेलं डिस्कशन जास्त चांगलं होतं, असं तो अजून म्हणतो.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट? असाइन करताना त्याच खिडकीत एक ओळ दिसत होती, की हा शॉर्टकट सध्या फाइल सेव्हला दिलेला आहे. वर्डने सांगितलं होतं. त्याने वाचलं नाही. शिवाय सबस्क्रिप्टला वर्डमध्ये शॉर्टकट आधीपासूनच आहे, कंट्रोल आणि बरोबरचं चिन्ह. शोधलाच नाही! चूक सुधारायला त्याच खिडकीत 'रिसेट ऑल' आहे. पण गेलेली पानं काही रिसेट होत नाहीत.

लॅबमधला 'सी'

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना ऑटोकॅडमधल्या एक-दोन अक्षरी कमांड पाठ असतात. एल म्हणजे लाइन, सी म्हणजे सर्कल, सीओ म्हणजे कॉपी, टीआर म्हणजे ट्रिम. यांना अलायस म्हणतात. ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असतात. मॅनेज टॅबमध्ये एडिट अलायस केलं की ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत आधी अलायस, मग स्वल्पविराम, मग फुली आणि कमांडचं पूर्ण नाव. आपले बदल फाइलच्या अगदी शेवटी लिहायचे. एकच अलायस दोनदा आला तर शेवटचा धरला जातो, त्यामुळे मूळ ओळी खोडायची गरज नाही. फाइल सेव्ह केल्यावर री-इनिट कमांड दिली की ऑटोकॅड बंद न करता बदल लागू होतात.

पुष्कळ जण सी ला कॉपी करून टाकतात, कारण ड्रॉइंगमध्ये कॉपी जास्त लागतं. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा. पण लॅबच्या मशीनवर? आमच्या एका प्रॅक्टिकलला हे घडलंय. आदल्या बॅचच्या कोणीतरी सी बदलून ठेवला होता. पुढच्या मुलीने सर्कलसाठी सी दाबलं तर सॉफ्टवेअर म्हणतंय ऑब्जेक्ट सिलेक्ट करा. तिला वाटलं आपणच चुकतोय. परीक्षेची पहिली दहा मिनिटं तिने स्वतःवर शंका घेण्यात घालवली. शेवटी लॅब असिस्टंट सरांनी ओळखलं. सरांचं म्हणणं एकच असतं, "तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यात साखर ठेवा, मेसमध्ये नको!"

लिनक्सवाल्यांसाठी

नोम डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, आणि तिथे शॉर्टकट बघण्या-बदलण्याचा पर्याय. आधीचे सगळे शॉर्टकट गटवार दिसतात. शेवटी कस्टम शॉर्टकट्समध्ये नाव, कमांड आणि बटणं अशा तीन गोष्टी भरायच्या. तेच बटण दुसरीकडे वापरात असेल तर तो विचारतो, बदलू का? इथे निदान तो थांबवतो तरी! एक खाच आहे. या चौकोनात पाइप टाकलेली कमांड सरळ चालत नाही. ती एका स्क्रिप्टमध्ये लिहून त्या स्क्रिप्टचं नाव द्यायचं.

टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी ने कॉपी का होत नाही, हा फर्स्ट इयरचा ठरलेला प्रश्न. याचं उत्तर आस्की कोष्टकात आहे. कॅपिटल सी चा नंबर ६७. जुन्या टर्मिनलवर कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा व्हायचे. राहिले ३. हा ३ म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवण्याची खूण. कॉपी-पेस्ट जन्मायच्या आधीपासूनची ही सोय आहे, म्हणून टर्मिनलमध्ये कॉपीला शिफ्टही लागतं. त्याच हिशेबाने एस चे ८३ वजा ६४ म्हणजे १९, आणि १९ चा अर्थ 'आउटपुट थांबव'. सवयीने कंट्रोल+एस दाबलं की टर्मिनल गोठतं आणि आपण मशीन हँग झालं म्हणून खिडकीच बंद करतो. करू नका! कंट्रोल+क्यू दाबा, सगळं पुन्हा चालू होतं. माझ्या रूम पार्टनरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "या कंट्रोल+एसचं आणि माझं काहीतरी मागच्या जन्मीचं वैर आहे."

आमच्या अनुभवातून काही नियम

१. आधी मोजा. दोन दिवस कागद जवळ ठेवा आणि कुठल्या कामासाठी वारंवार माउसकडे हात जातो त्याच्या रेघा ओढा. जिथे रेघा जास्त, तिथेच शॉर्टकट.

२. शॉर्टकट आधीपासून आहे का ते शोधा. मेनूत कमांडच्या शेजारीच बऱ्याचदा लिहिलेला असतो.

३. सेव्ह, अनडू, कट, कॉपी, पेस्ट, सिलेक्ट ऑल, फाइंड आणि प्रिंट यांना हात लावू नका. ती बोटांची सवय असते. डोक्याला बदल कळतो, बोटांना कळत नाही.

४. 'सध्या कशाला दिलेला आहे' ही ओळ वाचल्याशिवाय असाइन दाबू नका.

५. एका वेळी तीनच बदल. चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवा. आठवड्याने चिठ्ठी न बघता जमलं तर पुढचे तीन.

६. मनगट वाकडं करावं लागेल असं कॉम्बिनेशन घेऊ नका. दोन बटणं दोन हातांना वाटून द्या.

७. बदललेली फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि पूर्ववत करायचं बटण कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

८. लॅब, लायब्ररी, ऑफिस, मित्राचा पीसी अशा सामायिक मशीनवर काही बदलू नका. बदललंच तर उठण्याआधी पूर्ववत करा.

शेवटी

रिपोर्ट वेळेत गेला. माझाही आणि रूम पार्टनरचाही. प्लॅस्टर त्यानंतर आठवड्याने निघालं. आता दोन्ही हात ठणठणीत आहेत, पण कॅप्स लॉकचं बॅकस्पेस मी ठेवलंय. त्यामुळे लॅबमध्ये बसलो की चुकलेलं अक्षर पुसायला जातो आणि पुढची ओळ अख्खी कॅपिटलमध्ये ओरडायला लागते. शेजारचे हसतात. हसू देत.

स्टिकी कीजही मी बंद केलेलं नाही. परवा ज्युनिअरने माझ्या पीसीवर गेम लावला आणि म्हणाला, "दादा, हे कटकटीचं बंद कर ना." मी त्याला पंधरा मिनिटं एका हाताने असाइनमेंट टाइप करायला लावली. मग म्हटलं, आता बोल.

आणि आमच्या रूमच्या दारावर आतल्या बाजूने एक मोठा कागद लावलाय. रूम पार्टनरच्या अक्षरात, लाल स्केचपेनने. त्यावर दोनच शब्द आहेत : "सेव्ह केलंस?"

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी